दहावं गाणं, मूळ पट्टीत

आमच्या घरात गाणं आणि खोकला एकाच गळ्यातून यायचे. तो गळा आईचा.

मुलुंडच्या डंपिंगला, म्हणजे शहराचा कचरा टाकायच्या मैदानाला, लागून आमची झोपडी होती. जालन्याकडून आई-वडील मुंबईत आले आणि तिथेच थांबले, कारण तिथे राहायला कोणी आडकाठी करत नव्हतं. वडील सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहायचे. कोणी बिगारी म्हणून नेलं तर काम, नाही तर दुपारी घरी. आई डंपिंगवर जायची. कचऱ्याची गाडी रिकामी झाली की बायका पुढे व्हायच्या आणि निवडायला लागायच्या. प्लास्टिक वेगळं, लोखंड वेगळं, काच वेगळी, चपलांचे तळ वेगळे. उन्हाळ्यात तो ढीग आतल्या आत पेटायचा. वर ज्वाळ दिसायची नाही, नुसता धूर. पाण्याचा टँकर मारा करून जायचा, दुसऱ्या दिवशी शेजारून पुन्हा धूर. आम्ही त्या धुरात जेवलो, त्यातच अभ्यास केला. मी आठवीत असताना वडील टीबीने गेले. त्यानंतर आईने डंपिंगबरोबर बिल्डिंगमधली धुणीभांडीही धरली.

एवढं करून आई संध्याकाळी गाण्याला बसायची. तिच्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या मामाची, गायन पार्टी होती. जयंती, बुद्धपौर्णिमा, कोणाकडचं बारसं, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन. बोलावतील तिथे पार्टी जायची. मामा पुढे पेटीवर. मागे कोरसला पांढऱ्या साड्यांतल्या बायका, त्यात आई. मी आधी तिच्या मांडीला टेकून बसायचे, मोठी झाल्यावर तिच्या शेजारी बसून गायला लागले.

पार्टीचा कायदा एकच होता. गायकाने ओळ सोडली की कोरसने ती उचलायची. त्याच क्षणी. तुमचं लक्ष कुठेही असो, तुम्हाला ठसका लागो, समोर मंडप कोसळो. मध्ये रिकामी जागा राहिली तर मामा कार्यक्रमभर हसत राहायचा आणि घरी आल्यावर विचारायचा, "आज ओळ खाली पडली. कोणाच्या हातातनं पडली?" आईच्या हातून कधी पडली नाही. डंपिंगवरून आलेली, पाठ धरलेली, डोळे मिटत असलेली आई मी कोरसमध्ये पाहिली आहे. मान छातीवर गेलेली असायची, पण मामाने ओळ सोडली की तोंड उघडलेलंच.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही सांगते, न विचारताही सांगते. बीए, भूगोल. कॉलेज मुलुंडमधलंच, पण वेस्टला, म्हणजे स्टेशनच्या पलीकडे, जिथे आई भांडी घासायला जायची. पहिल्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमात मी मामाच्या पार्टीतलं एक गाणं म्हटलं. खाली उतरले तर एक केस वाढवलेला मुलगा समोर आला. म्हणाला, "तू मेटल का नाही गात?"

मी म्हटलं, "ते काय असतं?"

त्याने एक कॅसेट दिली. घरी टेपरेकॉर्डर होता, मामाचा. पहिल्या मिनिटाला मला वाटलं टेप खराब झाला. आई म्हणाली, "हा कोण पत्र्यावर दगड मारून राह्यला?" मग फाटक्या आवाजाच्या त्या दोन गिटारींनी एक चाल धरली. गोड, अगदी सरळ चाल. एक वर, एक थोडी खाली, दोघी बरोबर चालत होत्या. गाणाऱ्याने एक ओळ म्हटली आणि ती सोडली, तर मागून दहा-वीस माणसांनी तीच ओळ उचलली. आईने हातातली परात खाली ठेवली. म्हणाली, "ही तर आपलीच पार्टी हाय. फक्त केस लांब."

या प्रकाराला मेलॉडिक मेटल म्हणतात, हे मला नंतर कळलं. आईला ते अजून माहीत नाही आणि तिचं काही अडलेलं नाही.

त्या मुलाबरोबर आम्ही बँड काढला. तो गिटारवर, त्याचा एक मित्र ड्रमवर, आणखी दोघं, आणि मी गायला. ग्रॅज्युएट झाले त्या वर्षी मी एक गाणं लिहिलं. त्या पेटत्या ढिगावर. 'विझणार नाही, विझणार नाही' अशी त्याची ओळ. ऐकणाऱ्यांना वाटतं की ते जिद्दीचं गाणं आहे. पोरं दंडावर ती ओळ गोंदवून घेतात. खरं तर ती तक्रार होती. तो धूर विझत नव्हता आणि माझ्या आईला श्वास घेता येत नव्हता, एवढंच मी लिहिलं होतं. पण गाणं लोकांचं झालं की त्याचा अर्थ आपल्याला विचारून ठरत नाही.

त्या गाण्याच्या शेवटी 'विझणार ना' यातला 'ना' वर चढतो आणि वरच थांबतो. बाविसाव्या वर्षी मी तो सूर असा लावायचे, जसा कोणी खिडकीतून हात बाहेर काढतो. त्यात काही विशेष आहे असं मला वाटायचंच नाही.

आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. आई आणि मी कांजूरमार्गला राहतो, पुनर्वसनाच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. वारा फिरला की इथल्या डंपिंगचा वास घरात येतो. आई म्हणते, "बघ, शोधत आलंच." बँड अजून आहे. सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत, दोघांना टक्कल पडलंय, वर्षाला चार-पाच कार्यक्रम होतात. मी शाळेत शिकवते म्हणून बँडमध्ये सगळे मला 'बाई' म्हणतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर गिटारवाल्याचा फोन आला.

"बाई, बसली आहेस ना?"

"उभी आहे. पोळ्या करतेय."

"गॅस बंद कर. बाहेरच्या देशातली एक कंपनी आपला संग्रह काढतेय. निवडक गाणी. रेकॉर्डवर, मोठी काळी तबकडी असते ना, त्यावर. ग्रेटेस्ट हिट्स."

"आपलं हिट झालंय काय त्यात ग्रेटेस्ट निवडायला?"

"तेच मी विचारणार होतो, पण म्हटलं कशाला त्यांना आठवण करून द्या."

मी हसले. पोळी करपली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "निवडक म्हणजे? बाकीची टाकून देणार?" मग तिने स्वतःच ते काम अंगावर घेतलं. दोन दुपारी ती पलंगावर बसून आमची वीस वर्षांची गाणी ऐकत होती आणि हाताने बाजूला करत होती. "हे ठेव. हे भंगार. हे बी चांगलं हाय, पण आधीच्यासारखंच हाय, एकच ठेव." बँडने केलेली यादी आणि आईची यादी जवळजवळ सारखी निघाली. दोन्हींमध्ये शेवटचं, दहावं गाणं एकच होतं: 'विझणार नाही'.

आणि तिथेच माझी वाट लागली होती, हे फक्त मला माहीत होतं.

सुरुवातीच्या दोन अल्बमचं मूळ रेकॉर्डिंग राहिलेलं नव्हतं. अंधेरीतला तो स्टुडिओ बंद पडला, इमारत पाडली गेली, आणि ज्या हार्ड डिस्कवर सगळं होतं ती कपाटात पडून पडून मेली. दुकानात नेली, दुकानदारानेही हात वर केले. म्हणजे चार गाणी नव्याने गावी लागणार होती. त्यातलं एक दहावं.

दोन वर्षांपासून तो सूर मला लागत नव्हता. कधी लागायचा, कधी चिरायचा, आणि कधी चिरणार ते आधी कळायचं नाही. कार्यक्रमात मी एक युक्ती काढली होती. शेवट आला की माइक लोकांपुढे धरायचा. लोक खूश व्हायचे, त्यांना वाटायचं बाई आपल्याला मान देतायत. समोरची सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि मी मागे उभी राहून नुसतं तोंड उघडायचे. पण रेकॉर्डिंगमध्ये समोर कोणी नसतं. तिथे माइक कोणापुढे धरणार?

मी घाटकोपरला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकातून नळी घालून पडद्यावर मला माझेच स्वरतंतू दाखवले. म्हणाल्या, "गाठ नाही. सूज थोडी आहे, कोरडेपणा आहे. या वयात बायकांचा आवाज थोडा खाली येतो. त्यात तुम्ही शिक्षिका."

त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला वाईट वाटलं. गाठ असती तर काढता आली असती. वय कुठून काढणार?

मग मी शाळेत बोलणं कमी केलं. मूक नकाशे, फळ्यावर प्रश्न, खुणा. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा न बोलण्याचा उपवास आहे का?" गार पाणी बंद, लोणचं बंद, चहाही बंद. रोज अंघोळीच्या वेळी नळ सोडून मी तो सूर लावून बघायचे. लागला की दिवस बरा जायचा. चिरला की मी वर्गात अक्षांश सांगताना रेखांश सांगायचे. आई बाहेरून ऐकत असणार, पण तिने कधी विचारलं नाही. सकाळी ज्येष्ठमधाचा काढा मात्र ओट्यावर तयार असायचा.

अंधेरीत तासावर मिळणाऱ्या एका खोलीत आमचा सराव होता. तीन गाणी नीट झाली. चौथं घेतलं. शेवटाला आले आणि आवाज मधोमध फाटला, कापड फाटतं तसा. ड्रमवाला वाजवत राहिला, गिटारवाला थांबला.

तो म्हणाला, "अर्धा सूर खाली घेऊया. सगळे जुने बँड घेतात. कोणाला कळतसुद्धा नाही."

"मला कळेल."

"तू काय स्वतःचीच रेकॉर्ड विकत घेणार आहेस?"

"पट्टी खाली येणार नाही. त्या गाण्याची एक पट्टी आहे. लोकांनी तीच वीस वर्षं ऐकली."

त्याने गिटार खाली ठेवली. मग जे म्हणाला ते त्याने आधीच ठरवून आणलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. "मग एक कर. ठाण्याची एक मुलगी आहे, आपली फॅन आहे. तो सूर ती आरामात लावते. फक्त शेवट तिच्याकडून घेऊ. पाहुणी गायिका म्हणून."

"तू ऐकलंस तिचं?"

"ऐकलं."

"मला न सांगता."

"बाई, तू माइक लोकांपुढे का धरतेस ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला? दोन वर्षं मी तुझ्या बाजूला उभा आहे यार."

ड्रमवाल्याने खाली वाकून पायाशी काहीतरी शोधायला सुरुवात केली. तिथे काही पडलेलं नव्हतं.

मी चिडले नाही. चिडायला जागाच नव्हती, तो खोटं बोलत नव्हता. शेवटी ठरलं ते असं. महिनाअखेर कंपनीला गाणी जायला हवीत. बाकीची तीन गाणी आधी उरकायची, रविवारी दहाव्याचं रेकॉर्डिंग. रविवारी तो सूर लागला तर लागला. नाही लागला तर सोमवारी त्या ठाण्याच्या मुलीला बोलवायचं. मी हो म्हटलं, आणि घरी येऊन ज्येष्ठमध चघळत बसले.

पाहुणी गायिका. माझ्या आईच्या खोकल्यावर लिहिलेल्या गाण्याचा शेवट एक अनोळखी मुलगी गाणार, आणि तीच तबकडी जगभर जाणार. तिचा काही दोष नव्हता. उलट ती चांगलं गात असणार म्हणूनच मला धसका बसला होता.

रविवारी सकाळी मी निघाले तर आई दाराशी चपला घालून उभी. हातात पिशवी, पिशवीत डबा आणि थर्मास.

"तू कुठे?"

"तुझ्यासंगं."

"आई, तिथे दिवसभर बसावं लागतं. तुला कंटाळा येईल."

"तू काहून जेवत न्हाईस ते बघायचंय मला. तिथं कोण खायला बसलंय तुला."

बोरिवलीत एका जुन्या इमारतीत एक मुलगी रेकॉर्डिंगचं काम करते. तिच्या आईवडिलांच्या घरातली मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर गोधडी. वेगळी काचेची खोली वगैरे काही नाही. माइक, टेबल, कॉम्प्युटर, माणसं सगळं एकाच ठिकाणी. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. संगीत आधीच वाजवून झालेलं होतं, ते फक्त आमच्या कानातल्या हेडफोनमध्ये ऐकू येणार होतं. त्या मुलीने आईला कोपऱ्यात स्टूल दिलं आणि अदबीने सांगितलं, "आजी, दिवा लाल झाला की अजिबात आवाज नाही हं."

आई म्हणाली, "तोंडच उघडत न्हाई बग."

गाण्याचा सुरुवातीचा भाग दुपारपर्यंत झाला. चांगला झाला. मग शेवट. पहिल्यांदा चिरला. दुसऱ्यांदा सूर लागला पण थरथरला आणि खाली घसरला. पुढे पुढे तर मी तिथपर्यंत पोचायच्या आधीच घाबरायला लागले. शेवटची ओळ सलग येते: 'विझणार नाही' तीनदा, मध्ये श्वासाला जागाच नाही, आणि चौथ्याला चढायचं. बाविसाव्या वर्षी मला श्वास लागतो हेच माहीत नव्हतं, म्हणून मी ते तसं बांधून ठेवलं होतं. माझ्याच हाताने.

रेकॉर्डिंगवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, थोडा खाली लागतोय, पण मी कॉम्प्युटरवर वर ओढून देऊ शकते. आजकाल सगळे करतात."

"जो सूर मला मंडपात उभं राहून लावता येत नाही, तो रेकॉर्डवर नको."

गिटारवाल्याने घड्याळ बघितलं. मी ते बघितलेलं त्याला दिसलं. तो म्हणाला, "चहा घेऊ आधी."

"चहा नको. आणखी एकदा."

मी हेडफोन चढवले. एक कान उघडा ठेवला. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकल्याशिवाय मला गाता येत नाही. दिवा लाल झाला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या खोलीत संगीत ऐकू येत होतं ते गिटारवाला, ती मुलगी आणि मी, आम्हा तिघांच्या कानात. बँडमधले बाकीचे त्या दिवशी आलेले नव्हते. आईच्या कानात काहीच नव्हतं. तिला सकाळपासून ऐकू येत होता तो फक्त माझा उघडा आवाज. ना गिटार, ना ड्रम. एक बाई भिंतीकडे तोंड करून एक ओळ म्हणतेय आणि पुन्हा म्हणतेय.

'विझणार नाही.' 'विझणार नाही.' तिसऱ्यांदा म्हणायच्या आधीच मला कळलं की श्वास संपलाय. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मी थांबले. ओळ तिथेच सोडली.

आणि मागून आईने ती उचलली.

'विझणार नाही.' खालच्या सुरात, जाड, धुराने खरवडलेल्या आवाजात, पण चालीत बरोबर, तालात बरोबर. एक क्षणही मध्ये गेला नाही. मामा जाऊन बारा वर्षं झाली, पार्टी त्याआधीच मोडली. गायकाने ओळ सोडली आणि आईने ती उचलली, बस.

दिवा लालच होता. आईने तोंडावर पदर दाबला. गिटारवाल्याने डोळे मिटून घेतले, आता हे सगळं पुन्हा करायचं म्हणून. ती मुलगी खुर्चीतून अर्धी उठली.

"चुकलं गं पोरी," आई त्या मुलीला म्हणाली. "ध्यानात राह्यलं न्हाई. हिनं सोडली ना, म्हणून."

"असू दे आजी, डिलीट करते."

"थांब," मी म्हटलं. "डिलीट करू नकोस."

मला त्या क्षणी काही मोठं सुचलं वगैरे नाही. एवढंच लक्षात आलं की आई ती ओळ म्हणत होती तेवढ्या वेळात मी श्वास घेतला होता. पोटभर. कोणी ओळ धरलेली असली की माणूस आपोआप श्वास घेतो. लहानपणी मामाला मी शेकडो वेळा असं पाहिलं होतं: कोरसने ओळ उचलली की तो मान मागे टाकायचा, दम घ्यायचा आणि मग कोरसच्या डोक्यावरून वर चढायचा. वीस वर्षं मी मेटलच्या बँडमध्ये गायले आणि गाणं मात्र असं बांधलं की सगळ्या ओळी मीच धरायच्या.

मी आईला म्हटलं, "आई, पुन्हा घेशील? मी दुसऱ्यांदा सोडेन. तू उचल आणि सोडू नकोस. मी वर जाईन, तू खालीच राहा."

"तुमच्या त्या रिकाटात?"

"हो."

"माझा आवाज भंगार झालाय बाई."

"निवडायचं काम तुझं होतं ना? गाणं तू ठेवलंस, आता आवाज मी ठेवते."

ती जागची हलली नाही. गिटारवाल्याकडे बघून म्हणाली, "याला चालंल का?"

तो तिला कॉलेजपासून ओळखतो. आमच्या झोपडीत बसून त्याने भाकरी खाल्लेली आहे. म्हणाला, "मावशी, मला विचारताय? ही माझं ऐकते कधी?" मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, लोक म्हणतील ओरिजिनलसारखं नाही. कंपनी नाही म्हणू शकते. तेवढं लक्षात ठेव."

"ठेवते. पट्टी तीच आहे ना?"

"पट्टी तीच आहे."

आईला माइकजवळ उभं केलं. हेडफोन तिने घातले आणि लगेच काढून टाकले, म्हणाली, "यात तू ऐकायलाच येत न्हाईस, नुसता दगडफेकीचा आवाज." मग ठरलं की ती माझ्याकडे बघून गाणार. दिवा लाल झाला. पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं आणि सोडलं. आईने उचललं. मी श्वास घेतला, आणि 'ना' वर गेले.

लागला. थोडा खरखरीत, कडेला किंचित घासलेला, बाविसाव्या वर्षीसारखा नाही. पण लागला, आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. खाली आई ओळ धरून उभी होती. संगीत संपलं तरी ती धरूनच होती, कारण तिला संगीत ऐकू येत नव्हतं आणि मी तिला थांब म्हटलं नव्हतं.

त्या मुलीने विचारलं, "मॅडम, थोडं नीट करू?"

"काही करू नकोस."

मग आम्ही डबा उघडला. मी चार दिवसांनी पोटभर जेवले.

गाणी पाठवली गेली. कंपनीचं उत्तर यायला बरेच दिवस लागले आणि ते दिवस त्या रविवारपेक्षा वाईट गेले. मी वर्गात फोन घेऊन जात नाही, पण तेव्हा पर्समध्ये ठेवायचे, आणि मधल्या सुट्टीत बघायचे, आणि काही नसलं की मुलांच्या वह्या तपासताना उगाच कडक व्हायचे. मला वाटायचं, आपण आईला उगाच आशेला लावलं. ती शेजारणींना सांगत सुटली होती, "माझं बी हाय त्यात, थोडकंच हाय." आता ते नाही म्हणाले तर तिला काय सांगायचं? पट्टी तीच ठेवायच्या हट्टापायी मी सगळ्यांचं काम घालवलं तर बँडला काय सांगायचं? ठाण्याच्या त्या मुलीला गिटारवाल्याने नको म्हणून कळवलं होतं. म्हणजे परतीचा रस्ताही आम्हीच बंद केला होता.

एका दुपारी शाळा सुटताना फोन वाजला. गिटारवालाच.

"बाई, मेल आलाय."

"वाच."

"दोनच ओळी आहेत. दहावं गाणं आहे तसं घेतायत."

"आणि दुसरी ओळ?"

"विचारतायत, दुसरा आवाज कोणाचा आहे. नाव छापायला पाहिजे म्हणे."

मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. मुलं दोन्ही बाजूंनी धावत बाहेर पडत होती. त्याला म्हटलं, स्पेलिंग मी पाठवते, तू चुकवशील.

संग्रह निघाला. त्यात दहा गाणी आहेत. दहाही मी गायली आहेत, दहाही मूळ पट्टीत आहेत, आणि दहाव्या गाण्याखाली कोरस म्हणून माझ्या आईचं पूर्ण नाव छापलेलं आहे.